बिनसुईची शिलाई

खणातली बॉबिन घरंगळली. खडखड, टक्.

आवाज एवढासाच, पण संग्रहालयाच्या बंद दालनात सकाळी इतकी शांतता असते, की समोरच्या कपाटातली भांडीसुद्धा दचकली असावीत. माझा खण कुणीतरी उघडला होता. किती वर्षांनी! मला वाटलं, आता दोरा येणार, तेलाची कुपी येणार, कापडाचा वास येणार. आला तो एक पेचकस. शिबिराच्या ताईने वाकून माझा बारका स्क्रू सैल केला, माझी सुई काढली, काडेपेटीत घातली, काडेपेटी खणात ठेवली आणि खण लावून टाकला.

"रागावू नकोस गं बाई," ती पुटपुटली. "सरांचा हुकूम आहे."

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने फिरवायची शिलाई मशीन आहे. माझी गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे, पण ती फारशी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या चाकाच्या मागे अजून कुणाचा तरी चघळलेला च्युइंगगम चिकटलेला आहे. तो तिथे असेपर्यंत माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंड वितळवून माझं अंग ओतलं, घासून गुळगुळीत केलं, त्यावर काळा रंग चढवून मला भट्टीत भाजलं. मग एका रंगाऱ्याने बारीक कुंचल्याने माझ्या अंगावर सोनेरी वेल काढली. वेलीची टोकं वळवताना तो श्वास रोखून धरायचा. मी काही ऐरीगैरी वस्तू नाही, हे मला तेव्हाच कळलं. याला तुम्ही गर्व म्हणाल. म्हणा.

तिथून मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आले. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, कारण दोरा ओवायला उजेड लागतो. ओठांत टाचण्या धरून मावशी गिऱ्हाइकांशी भांडायच्या, हसायच्या, मापं सांगायच्या, आणि एकही टाचणी कधी पोटात गेली नाही. आम्ही दोघींनी काय शिवलं नाही? तान्ह्या बाळांची झबली शिवली, शाळेचे गणवेश शिवले, उशांचे अभ्रे शिवले. वाढत्या पोरांच्या विजारींची दुमड उसवून ती पुन्हा खाली घातली. एका गृहस्थांचा कोट तर आम्ही इतक्या वेळा सैल केला, की शेवटी मावशी म्हणाल्या, "आता कोट नका आणू, जेवण कमी करा."

मावशींकडे शिवण शिकायला मुली यायच्या. त्यांना आल्या आल्या दोरा मिळत नसे. आधी रेघा आखलेला कागद मिळायचा. बिनदोऱ्याच्या सुईने कागदावरच्या रेघेवरून चालायचं. मी भोकं पाडत जायचे आणि मुली माझी मूठ फिरवत जायच्या. भोकं रेघेबाहेर पडली, की पुन्हा नवा कागद. भोकं रेघेवर आली, की मगच दोरा आणि कापड. एखादीच्या बोटात सुई जायची. मावशी बोट धुऊन पट्टी बांधायच्या आणि म्हणायच्या, "लागलं ना? आता हात कुठे ठेवायचा, हे तुला कुणी सांगायला नको."

कापडावरची पहिली टीप हटकून वाकडी यायची. मुली रडकुंडीला येऊन विचारायच्या, "मावशी, उसवू का?"

"खबरदार उसवलीस तर! पहिली टीप वाकडीच येते. ती जपून ठेवायची. नाहीतर पुढे सरळ यायला लागली, हे कळणार कसं तुला?"

मावशींच्या स्वतःच्या लेकीने शिवलेला पहिला अभ्रा असा होता, की जणू साप त्यावरून झोकांड्या खात गेला होता. लेक सासरी गेली, तरी मावशींच्या डोक्याखालची उशी त्याच अभ्र्यातली.

मग मूठ फिरवून मावशींचा हात दुखायला लागला आणि घरात विजेवर चालणारी मशीन आली. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बिचारी तिचं काम करते. पण मला गच्चीच्या दारात नेऊन ठेवलं आणि माझ्यावर एक कुंडी आली. रोज कुंडीला घातलेलं पाणी माझ्या पोटात झिरपायचं. पहिल्यांदा गंज आला, मग शेवाळ आलं, आणि मग एक गोगलगाय माझ्या बॉबिनच्या घरात राहायला आली. तिने मागे सोडलेल्या वाटेचं वर्णन मी करत नाही. तुम्ही नुकतेच जेवला असाल.

मावशी गेल्यावर घर आवरताना कुणीतरी मला संग्रहालयात आणून दिलं. तिथल्या एका माणसाने कापसाच्या बोळ्याने माझा गंज काढला, गोगलगाईला बाहेरची वाट दाखवली, मला नवी सुईही लावली आणि काचेच्या पेटीत ठेवलं. समोर पाटी लावली: 'हात लावू नये'. मला ते बरं वाटलं. कंटाळा होता, पण स्वच्छता होती. आणि कधीतरी कुणीतरी काच उघडेल, ही आशा होती.

या उन्हाळ्यात काच उघडली.

सुट्टीतल्या मुलांसाठी संग्रहालयाने दिवसभराचं शिबिर काढलं. दारावर मोठं कापड लागलं: 'इतिहासाला हात लावा!' मुलं सकाळी डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन यायची आणि संध्याकाळी घरी जायची. शिबिराचे प्रमुख छपराखालीसुद्धा उन्हाची टोपी घालून फिरायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव टोपीसर ठेवलं. मुलांना खरोखर शिकवण्याचं काम मात्र त्या ताईचं. तरुण पोर. तिची स्वतःची लेक सुट्टीत घरी एकटी कशी राहणार, म्हणून तीही आईबरोबर यायची. ती एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

पहिल्या दिवशी ताईने मुलांना माझ्याभोवती बसवलं आणि सांगितलं, "या मशीनवर तुम्ही प्रत्येकजण स्वतः शिवणार आहात. पहिली टीप वाकडी येईल. येऊ द्या. माझी आई म्हणायची, ती कधी उसवायची नाही."

मी काळी नसते, तर लाल झाले असते आनंदाने. मावशींचंच वाक्य, दुसऱ्याच कुणाच्या तरी आईकडून आलेलं! शिवणाऱ्या बायकांचं हे असं असतं. एकमेकींना न भेटता त्या एकच बोलतात.

भिंगरीने लगेच खिशातून एक राखाडी तुकडा काढला. तो तिच्या कापडी हत्तीचा कान होता. हत्ती तिच्या काखेत होता, एककानी. "मग मी हा लावणार," ती म्हणाली. "मी लावणार. तू नाही लावायचास, आई."

हे टोपीसरांनी ऐकलं आणि ते ताईला बाजूला घेऊन गेले. "सुई? डोकं ठिकाणावर आहे ना ताई? एकाच्या बोटात गेली, तर पालक तीच सुई माझ्यात खुपसतील."

"सर, मी प्रत्येकाजवळ बसेन. आधी कागदावर शिकवेन."

"इतका वेळ कुणाला आहे? मूठ फिरवू द्या, फोटो काढा, पुढचा बोलवा. मुलांना तेवढंच पुरतं."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेचकस आला.

मित्रांनो, त्यानंतर माझं जे झालं, त्याची मला किळस आहे. मुलं जुन्या काळातली दिसावीत म्हणून पांढरे एप्रन चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केले होते. चहात साखर होती. दुपारपर्यंत एप्रनला मुंग्या. मावशींच्या अंगावर मी कधी डाग पाहिला नाही, आणि या लोकांना जुना काळ म्हणजे चहा सांडलेला वाटतो! त्या एप्रनमधली मुलं रांगेने माझ्यासमोर यायची. कुणाची बोटं बिस्किटातल्या क्रीमची, कुणाची चकचकीत डिंकाची, तर कुणाची नाकातून नुकतीच बाहेर पडलेली. "मूठ धर. इकडे बघ. हस. झालं, पुढचा!" दोनदा फिरून माझं चाक थांबायचं. टक, टक. खाली कापड नाही, वर दोरा नाही, मध्ये सुई नाही.

गैरसमज नको. चिकट हातांचा मला राग नाही. कामाच्या घरात हात चिकटच असतात. मला शिसारी आली ती खोटेपणाची. माझ्या शेजारी कुंभाराचं चाक होतं. ते बिचारं मातीशिवाय फिरत होतं, कारण मातीने कपडे खराब होतात. पलीकडे जात्याचा दगड होता. त्याच्या खाली दुकानातलं पीठ आधीच पसरून ठेवलं होतं. मुलं खुंटा फिरवायची आणि टोपीसर म्हणायचे, "बघा, पडलं की नाही पीठ?" तो दगड तेव्हा माझ्याकडे बघायचा नाही. मीही त्याच्याकडे बघायचे नाही.

भिंगरी रोज विचारायची, "आज कान?"

"उद्या हं, राणी."

एके दिवशी ती माझ्याखाली डोकं घालून बघायला लागली. तिच्या स्वतःच्या पुढच्या दातांत एक खिंड होती. "आई, हिचा दात पडलाय गं. माझ्यासारखा. हिला नवा येईल?"

ताईने माझ्या खणाकडे पाहिलं. "येईल," ती म्हणाली आणि दुसऱ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधायला गेली. ती नाडी सुटलेली नव्हती.

शेवटच्या दिवशी पालक येणार होते. आदल्या दुपारी ताईने दोन मोठ्या गाठोड्यांतून पिशव्या आणल्या. कापडी, छोट्या, सारख्या. टोपीसरांनी एक उलटीसुलटी करून पाहिली.

"छान! कुठे शिवल्या?"

"घरी. विजेच्या मशीनवर. लेकीला शेजारी खेळायला पाठवलं होतं."

"उत्तम. पालकांच्या हातात काहीतरी पडायला हवं. चिठ्ठ्या लावा."

ताईने प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावली. 'ही पिशवी मी स्वतः शिवली.' लावताना ती एकदाही मान वर करत नव्हती. तिच्या बोटाला पट्टी होती. या सगळ्या शिबिरात सुई टोचली ती फक्त तिला.

दुसऱ्या दिवशी मुलं डबे खायला गेली, तेव्हा भिंगरी एकटी माझ्यापाशी आली. स्टूल ओढून वर चढली. तिने हत्तीचं डोकं माझ्या दाबाखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली ठेवलं, त्यावर कान ठेवला, दाब खाली सोडला. जीभ दातांच्या खिंडीतून बाहेर काढून ती माझी मूठ फिरवू लागली. हळू, अगदी मावशींच्या मुलींसारखी. मी जीव ओतला. माझे दाते कापड पुढे सरकवत होते, चाक फिरत होतं, टक टक टक टक. कुठेही अडखळले नाही मी. कापड मागून बाहेर आलं. तिने हत्ती उचलला, आणि कान जमिनीवर पडला.

तिने तो उचलला. उलटा करून पाहिला, भोकं शोधली. एकसुद्धा नव्हतं. मग तो पुन्हा खिशात घातला.

गोगलगाय परवडली, मित्रांनो. त्या क्षणी मला माझीच घाण वाटली.

संध्याकाळी पालक आले. पिशव्या वाटल्या, टाळ्या झाल्या. एक वडील पिशवी उंच धरून बायकोला म्हणाले, "बघ! याला घरी बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि शिवण बघ केवढी सरळ!"

"बाबा, पण मी नाही..."

"गप रे. किती लाजतोस!"

सगळ्या घोळक्यात असा तो एकच मुलगा होता, जो खरं बोलत होता, आणि त्याला गप्प केलं ते कौतुकाने.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला पुसा, तेल द्या, त्याच्यावर कुंडी ठेवू नका. पण एवढ्यावर थांबू नका. आम्हाला आमचं काम द्या. आणि मोठी माणसं तुमच्या हातात न केलेल्या कामाची शाबासकी ठेवतील, तेव्हा ती त्यांना परत द्या. बोटाला लागलेलं आठवड्यात भरून येतं. वाकडी टीप जन्मभर जपता येते. पण जी टीप घातलीच नाही, तिचं काय जपणार?

सगळे गेल्यावर ताई ओला फडका घेऊन माझ्याजवळ आली. माझ्या वेलीवरचा डिंक तिने नखाने अलगद खरवडला. खूप वर्षांनी कुणीतरी मला इतक्या मायेने पुसत होतं, आणि मला तिचा राग पुरता धरवेना. पुसता पुसता तिचा हात खणावर येऊन थांबला. आत बॉबिन हलली.

खाली भिंगरी फरशीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर एककानी हत्ती. तिने आपली पिशवी आतली बाजू बाहेर केली होती आणि शिवणीवरून ती एक बोट फिरवत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा.

"आई, पहिली टीप वाकडीच येते ना?"

"हो राणी."

"मग माझी सरळ कशी आली?"