सतरा नंबरचा फॉर्म

मी लिहायचं पॅड बोलतोय. तेच, परीक्षेच्या दिवशी सकाळी घरभर शोधतात ते! जन्म शिरवळच्या एका कारखान्यात, पण अक्कल आली इस्लामपूरजवळच्या एका गावात. तिथल्या लालासाहेबांनी मला आपल्या लेकीसाठी, शिवांजलीसाठी घेतलं.

लालासाहेब फौजेतले निवृत्त हवालदार. पोरगी फार्मसी करणार म्हणून निर्धास्त होते. पण हिनं मलकापूरजवळच्या एका खाजगी विद्यापीठात सामाजिक शास्त्रांना प्रवेश घेतला. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, सगळं थोडं थोडं. "म्हंजी नक्की काय शिकतीस?" असं विचारून गावानं तिला भंडावून सोडलं. शेवटी लालासाहेबांनी अट घातली, "ह्या वर्षाचा तुझा त्यो प्रकल्प चांगल्या मार्कानं पास झाला तर पुढं शिक. न्हाईतर मुकाट्यानं फार्मसी." पोरगी धास्तावलीच हो!

प्रकल्प होता गावातल्या तीस बायकांच्या कामाचा. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. मला काखोटीला मारून शिवांजली दारोदार निघाली.

"मावशी, तुम्ही काय काम करता?"

डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभी असलेली भामाबाई म्हणते कशी, "आमी कसलं काम करतोय बाई? घरीच असतो की."

बाकीच्यांचंही तेच. शिवांजलीची आई रेश्मा, कोपरापर्यंत हात शेणात, तीही तेच म्हणाली. आणि आमच्या शहाणीनं तीस वेळा, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काम : काही नाही.' मला हात असते तर एक कपाळावर मारून घेतला असता.

विद्यापीठात कीर्ती मॅडमनी फॉर्म चाळले आणि त्यांना हसू आवरेना. मॅडम सांगलीच्या, बोलायला मोकळ्या. "तीस जणींत एकीलाही काम नाही? मग तुमचं गाव जेवतं कसं गं?"

शिवांजलीचा चेहरा एवढासा झाला. मॅडम म्हणाल्या, "काम विचारू नकोस, दिवस विचार. उठल्यापासून झोपेपर्यंतचा. सोमवारी आणून दे."

मग काय विचारता! "आता काय सांगू तुला," म्हणत भामाबाई टेकली ती तासभर हलली नाही. प्रत्येक फॉर्मला पुरवण्या जोडाव्या लागल्या, माझी क्लिप कुरकुरायला लागली. सगळ्यात जाड निघाला सतरा नंबरचा फॉर्म.

रविवारी चारच्या चहाला लालासाहेबांनी मला सहज उचललं. नेमका सतरा नंबर वर. फौजेत जन्मभर ड्युटीच्या याद्या वाचलेला माणूस, बोट ठेवून वाचायला लागला. पाचला झाडलोट. चार म्हशींची धार. डेअरीला दूध. भाकरी. मग उसात तणाची भांगलण.

"आरं तिच्या! एवढी ड्युटी आमच्या पलटणीत कुणाला न्हवती. आन् रजा कवा?"

"रजेचं काही सांगितलं नाही त्यांनी," शिवांजली चाचरत म्हणाली.

"मग हिचा नवरा काय करतो? झोपा काढतो व्हय?"

"आबा, द्या ना ते इकडं. दुसऱ्याला दाखवायचं नसतं."

पण पान उलटलं होतं. 'नवऱ्याला चहा बिनसाखरेचा. फौजेतल्या पांढऱ्या मगातच लागतो, कपात दिला की परत पाठवतात.'

लालासाहेबांच्या हातात तोच मग होता.

त्यांनी तो हळूच खाली ठेवला. खरं सांगतो, मला त्यांची दयाच आली. मग उठले, बादली घेतली आणि गोठ्याकडं चालू पडले.

रेश्मा घाबरून मागं धावली. "आवं, काय झालं? तब्येत बरी हाय न्हवं?"

"तू बस. धार मी काढतो."

म्हशीनं लाथ झाडली, निम्मं दूध सांडलं, पण गडी हटला नाही. भिजलेल्या पायजम्यानं परत आले आणि लेकीला म्हणाले, "सतरा नंबरला सांग, उद्याबी धार माझी. आन् तू मार्कांची वाट बघू नगंस. म्होरल्या वर्षाचा फॉर्म भर." शिवांजली तिथंच रडायला लागली, आणि हसायलाही.

आता आम्ही दुसऱ्या वर्षाला आहोत. माझा एक कोपरा तुटलाय, पाठीवर शाईचे डाग आहेत, पण मजेत आहे. यंदाचा प्रकल्प पुरुषांच्या दिवसाचा. लालासाहेबांची दोन पानं झाली, बाकीच्यांचं अर्ध्या पानातच आटोपतं. तेव्हा दादांनो, तुमच्या दारात आम्ही येऊ तोवर जरा हातपाय हलवा. निदान एक पान तरी भरू द्या!