कंपासपेटीतली शिट्टी

अक्षतानं बाबांच्या जुन्या हिरव्या मोज्याची पट्टी कापली आणि बेडरूमच्या कडीला घट्ट गुंडाळली. कडीच्या खडखडाटाचा प्रश्न मिटला. बेलची वायर तिनं आधीच काढली होती आणि बाहेर पाटी लावली होती : ‘बेल बंद आहे. दार ठोठावू नये. फोन करावा. फोन सायलेंटवर असतो.’ पुण्यात, त्यातून कर्वेनगरात, या पाटीचं कुणालाच नवल वाटलं नाही.

सीमेवरची लढाई टीव्हीवर केव्हाच जिंकून झाली होती. तिचे बाबा, हवालदार संपत, पेन्शन घेऊन घरी आले, सोसायटीनं शाल-श्रीफळ दिलं, आणि दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तेव्हा ते टेबलाखाली सापडले, दोन्ही हात डोक्यावर. तेव्हापासून ती शिट्टी दहावीतल्या अक्षताच्या कंपासपेटीत, कर्कटकाशेजारी, रोज शाळेत जाऊन येत होती. डाळ पातेल्यात शिजवायची, मिक्सर लावायचा नाही, बोलायचं ते हळू, असे नियम तिनं घालून दिले होते. अभ्यासापेक्षा या कामात तिची प्रगती बरी होती.

घर इतकं शांत झालं, की शेजारच्या द्वारकाकाकूंनी जिन्यात विचारलं, फ्लॅट विकलात का हो?

आज संध्याकाळी आई बॅग भरून कात्रजला मामाकडे निघाली. परतीचं काही बोलली नाही. अक्षता दारात आडवी उभी राहिली.

“अगं, आता काहीच वाजत नाही. मी सगळं बंद केलंय.”

“तेच तर,” आई कुजबुजली. आपण कुजबुजतोय हे लक्षात येऊन तिचा चेहराच उतरला. “ह्यांच्याशी धड भांडताही येत नाही. स्वतःच्या घरात चोरासारखी वावरते मी.”

बेडरूमची कडी न वाजता उघडली. बाबांनी अक्षतापुढे हात केला.

“शिट्टी दे.”

“बाबा, नको ना.”

“दे.”

तिनं दप्तरातून कंपासपेटी काढली. बाबांनी डाळ धुतली, कुकर लावला, शिट्टी बसवली आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. अक्षता त्यांना चिकटून उभी राहिली. बाहेरच्या दारात आता आडवं कुणीच नव्हतं.

शिट्टी झाली. बाबांचे डोळे गच्च मिटले, खांदे कानांपर्यंत गेले. पाय मात्र जागचे हलले नाहीत. अक्षतानं गॅस बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” आई दारातून म्हणाली, चांगल्या खणखणीत आवाजात. “तूरडाळ आहे. तीन लागतात.”