बोटभर पकड

मित्रांनो, मी एक जुनी शाफ्ट आहे, आणि फार भित्री आहे. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात उमाजीअण्णांचं वर्कशॉप आहे. तिथल्या भिंतीवर दोन खुंट्यांच्या आधाराने मी आडवी पडून असते. येणारी गिऱ्हाईकं विचारतात, "अण्णा, हा गंजका दांडा कशाला जपून ठेवलाय?" अण्णा नुसते मान हलवतात. म्हणून आज मीच सांगते.

गाडीच्या पोटाखालून इंजिनाचं बळ पुढच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा म्हणजे मी. खडकात, चिखलात जाणाऱ्या गाडीची चारही चाकं ओढायला हवीत, तेव्हा माझी गरज पडते. मी एकसंध नाही. माझ्या एका भागावर लांब खाचा आहेत आणि दुसरा भाग बाहीसारखा त्यांच्यावर चढतो. चाक खड्ड्यात उतरलं की मी लांब होते, वर आलं की आखडते. दोन माणसांनी एकमेकांचं मनगट धरावं, तशी ही पकड. ती सुटली तर काय होईल, एवढीच माझी भीती. पण या एवढ्याशा भीतीने माझं सगळं आयुष्य व्यापलं.

पूर्वी मी अशी नव्हते. माझा खाचांचा भाग एका लॉरीत होता. रामनगरच्या बाजारातून ती रेशमाचे कोष आणायची. कोषांचा उग्र वास, पहाटेचं धुकं, ड्रायव्हरचं गुणगुणणं, सगळं मला अजून आठवतं. रस्ता सपाट होता, लॉरी सावकाश चालायची आणि मी निर्धास्त फिरायचे. मग लॉरी म्हातारी झाली आणि गुजरीत, म्हणजे भंगारात गेली. अण्णांनी मला तिथून उचललं, खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोलाद चोख आहे. हिचं सोनं करू."

मग भार्गवी आली. मूळची पुण्याची, एचएसआर लेआउटमध्ये राहणारी, दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी. तिला डोंगरवाटांनी गाडी चालवण्याचं वेड होतं. तिच्या पिकअप ट्रकची पुढची दोन चाकं वेगवेगळ्या दांड्यांवर होती. ते सगळं काढून तिने एका जुन्या दणकट गाडीचा अखंड आस बसवून घेतला होता. गाडी वीतभर उंच झाली, चाकं पूर्वीपेक्षा खूप खालीवर होऊ लागली आणि कंपनीची शाफ्ट तोकडी पडली. तिच्यासाठी नवी बनवायची होती.

ती आली तो आयुधपूजेचा दिवस होता. पीण्यात त्या दिवशी सगळी यंत्रं विश्रांती घेतात. लेथला केळीचे खांब बांधले होते. पाने, हातोड्या, मापाची टेप, मोठा जॅक, सगळ्यांवर हळदकुंकू आणि फुलं होती. दारात कोहळा फोडलेला होता. अण्णांच्या बायको क्षमाअक्का सगळ्यांना चुरमुरे आणि डाळं वाटत होत्या.

"अण्णा, प्लीज, माप तरी आजच घ्या ना," भार्गवी म्हणाली. "पुण्याहून आई आलीये. रविवारी तिला टेकडीवर न्यायचंय."

"घेतो की. पण चाकं लोंबकळत सोडूनही एक माप घ्यावं लागतं. त्याला जॅक पायजे."

"मग उचला जॅक."

"बेडा, बेडा! नको!" क्षमाअक्का तिथूनच ओरडल्या. "पूजेला बसलेला जॅक उचलतात काय? उद्या सकाळी देव उठले की घ्या."

"टेपसुद्धा नाही?"

"टेपला काय वेगळा देव आहे?"

सगळे हसले. अण्णांनी हार ओवायचा दोरा घेतला आणि जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीखाली सरपटत गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून त्यांनी एक गाठ मारली. "ही उभ्या गाडीची गाठ. लोंबत्या चाकांची दुसरी गाठ उद्या मारू, सरी? चालेल ना?" म्हणाले. भार्गवी गाडी घेऊन गेली.

मी कोपऱ्यातून सगळं ऐकत होते.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी देव उठले, पण गाडी आली नाही. 'शाफ्ट झाली का?' असे भार्गवीचे फोन मात्र येत राहिले. अण्णांनी दोरा हातात घेतला, त्यावर एकच गाठ दिसली, आणि त्याच गाठीच्या मापाने त्यांनी माझ्या खाचांना जोडायची पोकळ नळी कापली. वेल्डिंगच्या पांढऱ्याशुभ्र उजेडात माझं अंग जोडलं गेलं. लेथवर मला फिरवून कुठे झोल नाही ना ते पाहिलं. काम देखणं झालं होतं. पण मी आतून ओरडत होते, अण्णा, दुसरी गाठ! पोलादाला तोंड नसतं.

गाडी आली ती थेट मला बसवायला. मी इतकी नेमकी बसले की अण्णा खूश झाले. "बघा मॅडम, जणू गाडीबरोबरच जन्मली!" त्या कौतुकात दुसऱ्या गाठीचं कुणाला सुचलंच नाही. आणि खरं सांगू? गाडीचा स्वतःचा छोटा जॅक तेव्हाही आणि पूजेच्या दिवशीही मागच्या सीटखाली पडून होता. त्याला कुणी कुंकू लावलं नव्हतं. त्याच्याने माप घ्यायला कोणत्याच देवाची हरकत नव्हती.

रविवार आला. शहरातल्या प्रत्येक गतिरोधकावर माझी बाही थोडी सरकायची आणि मी अंग चोरायचे. कनकपुऱ्याच्या बाजूला डांबरी रस्ता संपला आणि दगड सुरू झाले. भार्गवीने पुढची चाकं जोडली. आता मी जोरात फिरू लागले. माझ्या वर, पत्र्यापलीकडे, भार्गवी आणि तिची आई संध्याताई बसल्या होत्या.

"भार्गवी, ही गाडी आहे की होडी?"

"आई, तू फक्त हँडल धरून बस."

"धरलंय गं. हातात येईल आता ते."

वाटेच्या एका बाजूला दरी होती. पुढे पावसाने खचलेला मोठा खड्डा होता. भार्गवीने गाडी हळूच त्यात घातली. डावं चाक खाली गेलं, आणखी खाली गेलं आणि त्याच्याबरोबर सगळा आसच लोंबला. मी लांब झाले. खाचांचा एकेक पेर बाहीतून बाहेर येऊ लागला. शेवटी बोटभर पकड उरली, फक्त बोटभर. पकड सुटली असती तर माझं मोकळं टोक गरागरा फिरत ब्रेकच्या नळ्या तोडत वरच्या पत्र्यावर आदळलं असतं. मग त्या उतारावर, दरीच्या कडेला, ही गाडी कशाने थांबली असती? मला कोषांची लॉरी आठवली, तो सपाट रस्ता आठवला. मी सगळं बळ त्या बोटभर जागेत आणलं. खाचा बाहीत तिरक्या झाल्या आणि माझ्यातून आवाज निघाला, टक.

"थांब!" संध्याताई म्हणाल्या. "खाली काहीतरी वाजलं."

"दगड असेल, आई. जरा ॲक्सिलरेटर दिला की निघेल गाडी."

"दगडाचा आवाज मला कळतो. हा दगड नाही. आधी बंद कर ते इंजिन!"

"तुला ना, सगळंच वाजलेलं ऐकू येतं."

"हो, येतं. बंद कर."

भार्गवीने चिडून इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढून दोघी उतरल्या. संध्याताईंनी साडी सावरली, मागच्या चाकांना मोठे दगड लावले आणि वाकून खाली पाहिलं. "अगं, हे खालचं असं उघडं पडतं का नेहमी?"

माझ्या खाचांचा आजवर न दिसलेला भाग ग्रीसने चकाकत होता. भार्गवीनेही वाकून पाहिलं. मग सीटखालचा जॅक काढला. आसाखाली लावून चाक उचललं, खड्ड्यात दगड भरले. जसजसं चाक वर आलं, तसतशी मी बाहीत परत शिरले. पुढच्या चाकांचा जोर काढून, मागच्या दोन चाकांवर, रांगत रांगत गाडी मागे निघाली. परतताना संध्याताई एवढंच म्हणाल्या, "हँडल तुटलं नाही गं तुझं," आणि मग दोघी रडल्या.

दुसऱ्या दिवशी भार्गवीने मला सोडवून अण्णांच्या समोर ठेवलं. खाचांवर बोट टेकवून म्हणाली, "अण्णा, एवढंच उरलं होतं."

अण्णांनी ती जागा पाहिली. सबब सांगितली नाही. मोठा जॅक ओढत आणला, गाडी उचलली, चाकं लोंबकळत सोडली आणि दोऱ्यावर दुसरी गाठ मारली. क्षमाअक्का पदराचं टोक तोंडाशी धरून पाहत होत्या. त्या मापाने भार्गवीच्या गाडीला नवी शाफ्ट मिळाली, लांब खाचांची. माझं काम तिथेच संपलं. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

आता आयुधपूजेला अक्का एका जॅकला कुंकू लावतात, पण तो देवापुढे ठेवत नाहीत. "हा कामावरचा," म्हणतात. मग स्टुलावर चढून त्या माझ्याकडे येतात आणि माझ्या बोटभर जागेवर कुंकवाचं बोट ओढतात.

मित्रांनो, जी वस्तू तुम्हाला वाहून नेते, तिच्याखाली कधीतरी वाकून बघा. उभी असताना ती ठीकच दिसेल. ती लोंबते, ताणली जाते, तेव्हा तिचं किती उरतं तेही बघा. आणि शेजारचं माणूस थांब म्हणालं, तर आधी थांबा. वाद नंतर घाला.

माझी भीती काही गेली नाही. वर्कशॉपमध्ये उंच गाडी शिरली की मी खुंट्यांवर ताठ होते. अण्णा खाली वाकतात, दोरा ताणतात, पहिली गाठ मारतात. मी वाट पाहते. मग जॅकच्या दांड्याचा आवाज येतो, कर्र, कर्र, चाकं जमीन सोडतात, आणि मी सैल होते.