गाण्याआधीची हाक

ड्रमवाला परमेश्वर जाऊन दीड महिना झाला, तरी 'सरकी' बँडचं एकही गाणं सुरू होत नव्हतं. सोहेब गिटार गळ्यात अडकवी, रेणुका माइक धरी आणि दोघंही मागच्या पिंपांकडे बघत राहत. दोन निळी पिंपं, तेलाचा रिकामा डबा आणि झांजेच्या जागी एक पितळी परात. नवीन जालन्यात रेणुकाच्या मामांचं बियाण्याचं गोदाम रविवारी बंद असे, तिथं हा सगळा थाट. पण ऐट अशी, की जणू उद्याच जग जिंकायला निघालेत.

गाणं सुरू करायचं काम परमेश्वरचं होतं. बाकीचे ड्रमवाले काठीवर काठी आपटून वन-टू-थ्री-फोर मोजतात. हा पठ्ठ्या मेंढरं हाकावीत तसा चार वेळा "हुर्रर्र" करी आणि पाठोपाठ पिंपावर तुटून पडे. त्याची आई आसराबाई धावड्याच्या माळावर कळप हाकायची. तिच्या पाठीवर वाढलेल्या पोरानं दुसरं काय मोजायला शिकावं?

ती हाक सोहेबला आता कुठंही ऐकू येई. भर दुपारी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, अम्मीनं ताट वाढल्यावर, नमाजाहून परतताना. तो दचकून मागं वळे. कुणीच नसे. भीती वाटे, आणि का वाटते हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

बँडनं एकच गाणं रेकॉर्ड केलं होतं, सोहेबच्या फोनवर. ऐकताना सोहेबनं नाक मुरडलं होतं.

"हे हुर्र हुर्र काढून टाकू. लई गावठी वाटून राह्यलंय. पुण्याचे लोक हसतील."

"हसू दे की," परमेश्वर म्हणाला होता. "काढलं तर मंग गाणं सुरू कोण करणार? राहू दे."

सोहेबनं मान डोलावली आणि संध्याकाळी गुपचूप तेवढा आवाज पुसला. फोन भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंगही उडवलं. चौथ्या दिवशी अंकुशनगरच्या रस्त्यावर परमेश्वरची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. त्याच्या खिशातल्या फोनचाही चुरा झाला.

आणि या रविवारी रेणुका आसराबाईंनाच गोदामात घेऊन आली. बाई पोत्यावर टेकल्या, पदर सावरला.

"सोहेब बाबा, माझ्या लेकराचा आवाज तुझ्याकडं हाय म्हणं. माझी हाक द्यायचा न्हाई का तो? तेवढी ऐकव. घरी त्याचं बोलणं कुठंच न्हाई राह्यलं."

फोन बिघडला, असं सांगता आलं असतं. दुकानदाराच्या तोंडी ते वाक्य सरावाचं. पण बाई त्याच्याकडं अशा बघत होत्या, की त्याच्यानं लबाडी झाली नाही. त्यानं गाणं लावलं. आधी चार मात्रा नुसती शांतता, मग धाडकन पिंपं.

"हाक कुठंय?"

"मावशी, म्या पुसली," सोहेब म्हणाला. "मला त्या हाकेची लाज वाटली. तो राहू दे म्हणला होता, तरी पुसली."

रेणुकाला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिनं माइक खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. आसराबाई शिव्या देतील, मारतील, असं सोहेबला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

त्यानं लावलं. बाई उठल्या, लेकाच्या पिंपावर हात ठेवला आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी हाक दिली. हुर्रर्र. चार वेळा. चौथीच्या पाठोपाठ परमेश्वर वाजायला लागला. बिलकुल बराबर, तसूभरही चूक नाही.

गाणं संपलं. "परत लाव."

पाच वेळा लावलं. पाचही वेळा आईनं हाक दिली आणि लेक आला.

सहाव्यांदा तीनच हाका आल्या. चौथी निघेचना. स्पीकरमधली शांतता संपत आली होती, आणि आता परमेश्वर हाकेवाचूनच सुरू होणार, हे सोहेबला सहन होईना.

"हुर्रर्र!" तो ओरडला.

परमेश्वर सुरू झाला. आसराबाईंनी सोहेबकडं पाहिलं नाही. पिंपावरचा हातही काढला नाही.