खाडीवरच्या एकपदरी पुलाची मोजणी

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे, आणि तोही एकपदरी. माझ्यावरून एका वेळी एकच गाडी जाते. समोरची तोवर काठावर थांबते. न्यूझीलंडच्या अगदी उत्तरेला, काइटाया गावाच्याही पुढे, एका उथळ खाडीवर मी उभा आहे. पाय चिखलात आहेत, अंग ऑस्ट्रेलियाहून बोटीने आणलेल्या कठीण लाकडाचं आहे, आणि डोकं अलीकडे फार गोंधळलेलं आहे. तो गोंधळ तुमच्यापुढे मांडतो. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला कदाचित उलगडेल.

मला बांधलं तेव्हा पलीकडच्या गावात लोण्याचा कारखाना होता. उद्घाटनाला बँड वाजला. एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "हा पूल म्हणजे उत्तरेचं भविष्य!" मी ते खरं मानलं. वय कोवळं होतं, लाकूड ताजं होतं. लोणी दक्षिणेला जायचं, पैसा उत्तरेला यायचा, आणि मी दोघांनाही वाट द्यायचो. मग दक्षिणेत मोठा कारखाना निघाला आणि आमचा छोटा बंद झाला. भविष्य तिकडे गेलं, पूल इथेच राहिला. गावातली तरुण मुलं ऑकलंडला गेली, काही थेट ऑस्ट्रेलियाला. गेली माझ्याच पाठीवरून. दुसरा रस्ताच नाही.

पुढे पाइनच्या ओंडक्यांचे ट्रक आले. त्यांनी माझे बोल्ट खिळखिळे केले, पण सोबत दिली. जंगल कापून झालं, तसे तेही कमी झाले.

निवडणुका मात्र नेमाने येतात. दर वेळी वेगवेगळ्या रंगांच्या जॅकेटातली माणसं माझ्यावर उभी राहतात. एक म्हणतो, उत्तरेत केवढी संपत्ती पडून आहे! दुसरा म्हणतो, उत्तरेवर केवढा अन्याय झालाय! दोघंही नवा दुपदरी पूल देऊ म्हणतात. मला पाडण्याचं आश्वासन लोक माझ्यावरच उभं राहून देतात, आणि खाली टाळ्या पडतात. मी टाळ्या मोजायचो आणि विचार करायचो, यांना मी आवडतो की नाही?

गावाची एक रीत मात्र मला फार आवडते. थांबलेल्या गाडीसमोरून जाताना चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तोंडाने काही नाही, नुसतं बोट. शहरातून आलेले पाहुणे आख्खा हात हलवतात, त्यावरून ते पाहुणे आहेत हे कळतं.

जयवंत आणि बेबीताई आले तेव्हा दोन्ही हात हलवत होते. जयवंत विद्यार्थी म्हणून या देशात आला आणि इथलाच झाला. ऑकलंडजवळच्या टाकानिनीत घर घेणं काही जमेना, म्हणून नवरा-बायकोने होतं नव्हतं ते घालून माझ्या उत्तर टोकाची डेअरी विकत घेतली. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दूध तर मिळतंच, शिवाय पाव, गॅसची टाकी, मासे पकडायचे गळ, जँडल्स म्हणजे रबरी चपला, सगळं. दुसरं दुकान थेट काइटायात, म्हणजे एका बाटली दुधासाठी अर्धा दिवस गेला. ती डेअरी बंद पडली असती तर म्हाताऱ्यांना गावात राहता आलं नसतं.

एका सकाळी फांगारेई शहरातल्या रस्ते-कार्यालयातून मैत्रेय नावाचा तरुण इंजिनिअर आला. त्याने माझ्या तोंडाशी रस्त्यावर आडवी एक काळी रबरी नळी ठोकली. गाडीची चाकं तिच्यावरून गेली की पेटीत नोंद होते. काम आटोपून तो डेअरीत शिरला आणि गल्ल्यावरच्या बाई आणि त्यांच्यामागचं भीमजयंतीचं कॅलेंडर पाहून थबकला.

"जय भीम, ताई! इथे? आपली माणसं?"

"जय भीम रे बाबा! बस आधी. पोहे खाशील ना? सकाळपासून उन्हात नळ्या ठोकतोयस."

पोहे खाता खाता मैत्रेय बोलून गेला, "खरं सांगू का ताई, गाड्या फारच कमी दिसताहेत. नवा पूल हवा तर वाहतूक दिसली पाहिजे. आठवडाभराने नळी काढायला येईन, बघू."

तो गेला, आणि बेबीताई त्या नळीकडे बघत बाहेर आल्या.

"अहो, ही तर आमच्या शाळेची तपासणी झाली!" त्या जयवंतला म्हणाल्या. त्यांची शाळा अंबरनाथची, पालिकेची. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी वर्ग भरलेला दिसावा म्हणून शेजारच्या शाळेतून पोरं आणून बसवत. बेबीताई स्वतः अशा तीन शाळांत बसून आल्या होत्या. "साहेबांना भरलेला वर्ग दाखवायचा, एवढंच. त्यात खोटं काय? पोरं तर खरीच होती!"

"अगं, पण हा न्यूझीलंड आहे."

"मग? इथल्या साहेबांना डोळे नसतात का?"

हेमी मातुआ तेव्हा पाव घ्यायला आला होता. इथल्या माओरी लोकांत वडीलधाऱ्यांना मातुआ म्हणतात. हेमीने आयुष्यभर ओंडक्यांचा ट्रक चालवला. त्याला सगळी योजना समजावली तेव्हा तो एवढा हसला की पावाची पिशवी खाली पडली.

"नव्या पुलाची वाट माझ्या बापाने पाहिली, मी पाहतोय," तो म्हणाला. "थोडं फिरलो तर काय बिघडलं? एकदम झकास, स्वीट अ‍ॅज!"

मित्रांनो, तो आठवडा मी कधी विसरणार नाही. आख्खं गाव माझ्यावरून जाऊ लागलं आणि काही काम नसताना परत येऊ लागलं. ट्रॅक्टर आले, बोटीचे ट्रेलर आले, हेमीचा रिकामा ट्रक आला. "चाकं जास्त, तर मोजणी जास्त," असा हिशेब करून जयवंतने व्हॅनला गवताचा लांब ट्रेलर जोडला. दोन्ही काठांवर रांगा लागल्या. त्यात सगळे सभ्य. कुणीच आधी जाईना. "तुम्ही या." "नाही नाही, तुम्ही." बोटं उचलून उचलून लोक दमले. जयवंतची मुलगी इरा मागच्या सीटवर खाली सरकून बसली होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग!"

मला काय वाटलं? मला वाटलं, लोण्याचे दिवस परत आले. वेडा मी.

मैत्रेय नळी घेऊन गेला आणि थोड्याच दिवसांत दुसरीच माणसं एक पाटी घेऊन आली. जड वाहनांना बंदी! दूर फांगारेईतल्या संगणकाने चाकांच्या लांबलचक रांगा पाहिल्या आणि ठरवलं की या म्हाताऱ्या पुलावरून भलतेच अवजड ट्रक जाताहेत. पूर्ण तपासणी होईपर्यंत ते थांबवा. तपासणीला माणसं कधी येणार, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पावाचा आणि दुधाचा ट्रक दक्षिण काठावर थांबू लागला. जयवंत व्हॅनने एकेक खोका आणायचा. आइस्क्रीम वाटेत पातळ व्हायचं. मग पुरवठादाराने कळवलं, असं ताटकळणं परवडत नाही. महिनाअखेरीपासून माल काइटायात उतरवू, तुम्ही न्या. ते ऐकून जयवंत माझ्या कठड्याला टेकून उभा राहिला. रोज काइटायाला जाऊन माल आणायचा तर दुकान चालवायचं कुणी?

मैत्रेय पुन्हा आला तो खुशीत. "ताई, आकडा बघून साहेब चाट पडले! नवा पूल यादीत वर गेलाय. चार-पाच वर्षांत काम सुरू होईल."

"आणि आमचं दुकान चार-पाच आठवड्यांत बंद होईल," बेबीताई म्हणाल्या.

मैत्रेयचा चेहरा उतरला. डेअरीच्या पायरीवर हेमी आणि गावातली दहा-बारा माणसं जमली होती. बेबीताईंनी पदर नव्हता म्हणून एप्रनच खोचला.

"मैत्रेय, ती वाहतूक खोटी होती. आम्ही फिरत होतो. कल्पना माझी."

"ताई!" तो जवळजवळ ओरडला. "हे मी ऐकलं तर मला लिहावं लागेल. बंदीचा पुन्हा विचार होईल, तपासणी लवकर लावता येईल. पण नवा पूल यादीतून जाईल. कळतंय ना?"

पूल काही बेबीताईंच्या एकट्यांचा नव्हता. त्या हेमीकडे वळल्या. "मातुआ, तुमचं म्हणणं असेल तर मी गप्प बसते. दुकान जाऊ दे."

सगळे हेमीकडे बघत होते. मीसुद्धा. त्याच्या एका शब्दावर एक तर दुकान जाणार होतं, नाही तर मागच्या पिढीपासूनचं स्वप्न. आणि दुकान राहिलं तर मीही राहणार होतो, म्हणून माझे बोल्ट करकरू लागले.

"गर्ल," हेमी शेवटी म्हणाला, "यादीतल्या पुलावरून पाव येत नाही. सांग त्याला."

मैत्रेयने सगळं लिहून घेतलं. तपासणीला तो स्वतःच माणसं घेऊन आला. गमबूट घालून ते माझ्या खाली चिखलात उतरले. तुळयांवर हातोडीने ठोकून आवाज ऐकला. दोन तुळया खरोखरच सडल्या होत्या! खोटी मोजणी झाली नसती, तर एखाद दिवशी खरा ट्रक घेऊन मी खाली बसलो असतो. तुळया बदलल्या, बोल्ट आवळले, पाटी निघाली. पावाचा ट्रक थेट दुकानापर्यंत गेला. पुरवठादारही गुमान राहिला. नवा पूल मात्र यादीतून गेला. खऱ्या गाड्या फारच कमी निघाल्या.

आता सांगा, मित्रांनो, मी काय समजू? गाड्या थोड्या, म्हणून पूल मिळत नाही. पूल नाही, म्हणून माणसं जातात आणि गाड्या आणखी थोड्या होतात. जास्त गाड्या दाखवल्या तर रस्ताच बंद होतो. मी वाचलो, कारण माझी फारशी गरज नाही असं कागदावर ठरलं. यावर हसू की रडू? पाण्यात उभं राहून विचार करायला मला वेळ पुष्कळ आहे, पण उत्तर सापडत नाही.

एवढं मात्र कळलंय. तुम्ही मोठे व्हाल, कुणी मंत्री व्हाल, कुणी संगणकापुढे बसाल. लांबच्या गावांसाठी नवे पूल जरूर मागा, भांडून मागा. पण मित्रांनो, नवा येईपर्यंत जुन्याचे बोल्ट आवळत राहा. पलीकडे माणसं राहतात, आणि त्यांना पाव रोज लागतो.