बातमीतून गाळलेले उंदीर

शिंपीकाकांनी पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली आणि डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुडीवर त्यांचाच फोटो होता.

अंगात पांढरा कोट, गळ्यात नळी आणि तोंडावर ते हसू. फोटोवाल्यानं "हसा हो मॅडम, पोलिसात द्यायचा नाहीये फोटो," असं म्हणून काढून घेतलेलं. खाली ठसठशीत अक्षरात छापलं होतं, 'किडनीवर रामबाण साल'.

"कधीपासून घेताय ही?"

"दीड महिना झाला बघा. सकाळ-संध्याकाळ चमचाभर, कोमट पाण्यातून. एक दिवस चुकवला नाही." काका शाबासकीची वाट बघत बसले होते.

"आणि माझ्या गोळ्या?"

"त्या केल्या की बंद. तुमचंच औषध दोन-दोन तऱ्हेनं कशाला घ्यायचं?"

बाईंनी खाली वाकून बघितलं. पाय असे सुजले होते, की चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. हातातल्या कागदावर रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा होता, किडनी बिघडली की चढणारा. दोन महिन्यांपूर्वी अडीच, आज नऊ. सात वर्षं बाईंनी या माणसाला डायलिसिसच्या मशीनपासून लांब ठेवलं होतं. मीठ तोडलं, गोळ्या बदलल्या, रागावल्या, समजावलं. ती सात वर्षं एका पुडीनं दीड महिन्यात धुऊन नेली.

"काका, आज घरी जायचं नाही. मानेत नळी घालून मशीनवर घेणार आहे तुम्हाला. लगेच."

काका हसले. थट्टा वाटली त्यांना. शेजारी बसलेल्या काकूंना वाटली नाही.

"अहो, पण बातमीत तर लिहिलं होतं, औषध सापडलं म्हणून," काकू म्हणाल्या. "तुमचा फोटो होता म्हणून घेतलं हो. दुसऱ्या कुणाचा असता तर मी घरात येऊ दिली नसती ती पुडी."

बाईंनी पुडी उचलली, कोटाच्या खिशात कोंबली, नर्सला काकांची तयारी करायला सांगितलं आणि फोनवर ती बातमी वाचत तरातरा जिना उतरल्या.

बाई सकाळी पेशंट बघायच्या आणि दुपारी तळघरातल्या प्रयोगशाळेत असायच्या. तिथं पिंजऱ्यांच्या रांगा. सगळं हॉस्पिटल त्यांना उंदीरवाल्या बाई म्हणायचं, तोंडावर सुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, यांचं उलटं. उंदीर पोखरून डोंगर हलवायचा होता. अकरा वर्षं खपल्यावर एका सालीच्या अर्कानं चाळीस उंदरांच्या किडनीवरचे व्रण कमी झाले. चाळीस. बाई त्या दिवशी तळघरात एकट्याच टाळ्या वाजवून हसल्या होत्या.

आणि ही गोष्ट लोकांना सांगायची, हा हट्ट बाईंचाच. "ज्यांच्या आजारावर आपण पोट भरतो, त्यांना कळायला नको, आत काय चाललंय?" असं म्हणून त्यांनी स्वतः बसून साध्या भाषेत दीड पान लिहिलं. 'उंदरांमध्ये' हा शब्द त्यात चार ठिकाणी होता. मोजून चार.

ते दीड पान पेपरांकडं पाठवणाऱ्या प्रसिद्धी विभागाच्या खोलीत गारवा होता. तिथला साहेब सगळ्यांशी इतकं गोड बोलायचा, की नर्सांनी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं होतं.

"उंदीर कुठं गेले?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"उंदीर? अरे बापरे! थांबा, सफाईवाल्यांना सांगतो."

"माझे उंदीर! बातमीतले! चार होते, एक नाही राहिला."

"हां हां, ते होय!" साखरतोंड्या मोकळा झाला. "बसा ना मॅडम. अहो, सकाळी चहाचा घोट घेताना उंदीर कोण वाचतंय? माणूस पान उलटतो. म्हणून आपण 'प्रयोगांमध्ये' असं केलं. खोटं आहे का काही?"

बाईंनी पुडी त्याच्या पुढ्यात आपटली. भुकटी उडाली, त्याच्या बाहीवर बसली.

"वर एक माणूस या खऱ्यापायी मशीनवर चाललाय."

साखरतोंड्यानं पुडी फिरवून फिरवून बघितली. चेहरा उतरला त्याचा, पण जीभ जागेवर होती. "ही आपण नाही छापली मॅडम. कुणीतरी फोटो चोरला. आपण तक्रार करू. आणि हे बघा, बातमी मी माझ्या मनानं नाही सोडली. तुम्हाला पाठवली होती."

त्यानं फोन पुढं केला. दोन महिन्यांपूर्वीची तारीख, सकाळी अकरा चाळीस. त्याचा निरोप, 'शेवटचा मजकूर, एकदा बघून घ्या.' खाली बाईंचं उत्तर. 'ठीक आहे.'

बाईंना त्या दिवशीचा जिना आठवला. दुसरा मजला, तिसरा मजला, मागं ज्युनिअर, हातात फोन. उघडला सुद्धा नव्हता मजकूर. रक्ताचा रिपोर्ट न वाचता सही केली, म्हणून याच बाईंनी दोन ज्युनिअर पोरींना भर वॉर्डात रडवलं होतं. आणि स्वतःचं दीड पान? ठीक आहे!

आता राग कुणावर काढायचा? साखरतोंड्यावरचा तर होताच, तो कमी झाला नाही. त्यात हा नवा येऊन मिसळला आणि डोकं नुसतं तापलेल्या तव्यासारखं झालं.

त्याच दिवशी चार वाजता हॉस्पिटलच्या हॉलात बाईंचं लोकांसमोर भाषण होतं. बाहेर फलक लागला होता, 'किडनीच्या आजारावर नवी आशा'. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. "ऐकलं मी सगळं. पुढच्या महिन्यात छोटीशी दुरुस्ती छापू. आज मात्र गोड बोला, हॉल भरलाय."

"पुढच्या महिन्यात?" बाई म्हणाल्या. "बैल गेला नि झोपा केला!" आणि फोन ठेवला. मग एक फोन रक्त तपासणाऱ्यांना केला. हॉलच्या दाराशी टेबल लावा, सुया आणा, दोघं जण बसा.

हॉल खरंच भरला होता. बाईंनी पडद्यावरची चित्रं बंद करायला लावली. पुडी उंच धरली.

"फोटो माझा आहे. पुडी माझी नाही. हे औषध चाळीस उंदरांवर चाललं. माणसावर, अजून एकावरही नाही. चालेल की नाही मला माहीत नाही. यातली भुकटी कशाची आहे, ते तर देवालाच ठाऊक. ही घेऊन कुणी आपल्या गोळ्या बंद केल्यात? हात वर करा."

कुणी हलेना. मग मागं एक हात वर आला. मग खिडकीपाशी दोन. बाई मोजत गेल्या. वीसच्या पुढं त्यांना मोजवेना.

"मग बातमीत उंदीर का नव्हते?" पुढच्या रांगेतला एक जण ओरडला.

"कुणीतरी काढले, आणि मी न वाचता हो म्हटलं."

"आमच्या जिवाशी खेळलात!"

"हो," बाई म्हणाल्या. "दाराशी टेबल आहे. शिव्या मला इथंच द्या, पण रक्त दिल्याशिवाय कुणी घरी जाऊ नका. आणि गोळ्या आज रात्रीपासून सुरू."

शिव्या पडल्या. एक म्हातारी पुढं आली, पिशवीतून तीन पुड्या काढून बाईंच्या पायाशी टाकल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिली. कडेला उभा असलेला साखरतोंड्या पुढं झाला, तेव्हा बाई त्याच्यावर एवढंच गरजल्या, "नावं लिहून घ्या त्यांची. आणि एकही गाळू नका!"

वर मशीन घरघरत होतं. काकांच्या मानेत नळी, नळीत त्यांचंच लाल रक्त, बाहेर जाऊन परत येणारं. काकू पायाशी बसल्या होत्या. त्यांनी बाईंकडं बघितलं नाही.

काका मात्र बघत होते. सकाळचं हसू गेलं होतं.

"नर्स सांगत होती, उंदरांचं," ते म्हणाले. "बाई, मी चाळीस वर्षं शिवतोय. आधी कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतो, मग पक्की शिलाई. तुम्ही उंदराच्या मापाचा कोट मला घातलात हो."

"चुकलं माझं, काका."

"ते जाऊ द्या. हे मशीन आता कायमचं का?"

बाईंच्या तोंडाशी गोड वाक्य आलं होतं. रोज येतं तसं. त्यांनी ते गिळलं.

"माहीत नाही. सुटेल कदाचित. कदाचित नाही सुटणार. दोन-तीन आठवडे गेल्याशिवाय मला सांगता यायचं नाही."



"हे 'माहीत नाही' एवढंच छापायला काय धाड भरली होती?" काका म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडं मान फिरवायला घेतली. नळीमुळं ती फिरेना.