नैऋत्येचं देवघर

अमरावतीचं घर विकून खुशालराव अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. जाताना देव नेले, पण भिंतीला पक्कं बसवलेलं, फरशीपासून छतापर्यंतचं सागवानी देवघर ठेवून गेले. "वास्तूचं हाय, वास्तूतच राहू द्या," म्हणाले. घर घेणाऱ्या चारुशीलाबाईंचे डोळे भरून आले.

महिन्याभरात ते पुन्हा भरून आले. देवघर ईशान्येला हलवावं म्हणून यजमानांनी, हेमचंद्रपंतांनी, स्क्रू काढले, तर मागे छतापासून फरशीपर्यंत भेग. आधी तिच्यात पंतांची करंगळी जायची, आता अंगठा जाऊ लागला. रस्त्यावरून ट्रक गेला की नवराबायको बोलणं थांबवून छताकडे बघत. निवृत्तीची सगळी पुंजी त्या छताखाली होती, आणि ते दोघेही.

पंतांनी भाचीला बोलावलं. श्रावणी वकील होती.

"बिल्डरकडून घेतलं असतं तर रेरात गेलो असतो, मामा. हे जुनं घर, खासगी मालक. दिवाणी दावा करावा लागेल. दोष त्याला माहीत होता आणि तुम्हाला नीट पाहूनही दिसला नसता, हे दाखवायचं. घेताना देवघरामागे पाहिलं होतं?"

"दुसऱ्याचे देव हलवून?" पंत दचकले. भिक्षुकी घराण्याला असलं कुणी विचारलं नव्हतं.

"बरं. पण देवघर नैऋत्येला? तुम्हाला खटकलं नाही?"

"खटकलं ना. पण दुसऱ्याच्या घरी बसून त्याच्या दिशा काढायच्या?"

श्रावणी उठून ईशान्येच्या कोपऱ्यात गेली. नव्या रंगातून समईच्या काजळीचा पट्टा हळूच वर आला होता. देव वर्षानुवर्षं इथेच बसले होते. घर विकायला काढल्यावर त्यांची बदली झाली होती.

तिनं फोटो काढले. "भेग बुजवायची नाही. आधी इंजिनिअरचा अहवाल, मग नोटीस."

"आणि तोवर भिंत पडली तर?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"पलंग स्वयंपाकघरात न्या, मामी."

नोटीस मिळताच खुशालराव बायकोला, आशाबाईंना, घेऊन हजर झाले. श्रावणीही आली होती.

"पंत, आपल्यात वकिलाचा कागद? मले त भेगेची खबरच नव्हती. देवाशप्पथ!"

"मग देव कशाला हलवले?" श्रावणीनं विचारलं.

"वास्तूवाल्यानं सांगतलं."

"नैऋत्येला?"

खुशालरावांना खोकला आला. तेवढ्यात बाहेरून विटांचा ट्रक गेला. पंत आणि चारुशीलाबाईंनी सवयीनं वर पाहिलं. खाली पाहिलं तर खुशालरावांची खुर्ची रिकामी. ते अंगणात, पेरूच्या झाडाखाली पोचले होते.

आशाबाईंनी कपाळावर हात मारला. "मी तवाच म्हनलं होतं, देवायले हलवू नका म्हून. आता सांगा त्यायले, खबर नव्हती!"

श्रावणी दारात गेली. "काका, भिंत तुमच्या खर्चानं बांधून देता, की कोर्टात भेटायचं?"

"बांधून देतो ना, बाई. कुठं नाही म्हनून राहिलो?"

"मग आत या, लिहून सही करा."

खुशालरावांनी छताकडे पाहिलं.

"कागद इकडंच आना," ते म्हणाले. "झाडाखाली हवा चांगली हाय."